विकलेलं आडनाव

मंदीत मोटारींचा कारखाना बुडाला, तेव्हा बड्या कंपनीने ॲम्ब्रोज टकवेलकडून यंत्रांबरोबर गाड्यांवर लागणारं त्याचं आडनावही विकत घेतलं. आता कॉव्हेंट्रीतल्या भाड्याच्या शेडमध्ये त्याने नवी मोटार घडवली होती. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं आणि रेडिएटरवरचा पितळी बिल्ला कोराच होता. "साहेब, काहीतरी कोरू द्या की! बिननावाच्या गाडीला कोण विचारणार?" जुना कारागीर रूबेन करवादला. "टकवेल लिहिलं तर कोर्टात खेचतील. मग मी कोण?" ॲम्ब्रोज भांबावला. चहा घेऊन आलेली बायको हिल्डा म्हणाली, "माझं आडनाव लिहा." "अगं, तुझंही टकवेलच ना?" "माहेरचं. ते कुणी विकत घेतलेलं नाही." रूबेनने छिन्नी उचलली. "सांगा साहेब, अक्षरं कशी?" लग्नाच्या तीस वर्षांत ते आडनाव ॲम्ब्रोजने कधी लिहिलंच नव्हतं. हिल्डाने किटली ठेवली आणि पितळेवर स्वतःच पेन्सिलने अक्षरं काढली.