दुसरी नळी

ओट्यावर शेजारच्या घरांतून आलेली फराळाची चार ताटं होती. त्यांत मिळून अकरा करंज्या, नऊ बेसनाचे लाडू आणि शंकरपाळ्यांचे चार ढीग. तात्याबांच्या पुढ्यात बाजरीची अर्धी भाकरी, मेथीची भाजी आणि ताक होतं.

"एक करंजी दे की गं," तात्याबा बायकोला म्हणाले. "कारखान्याचा सभासद हाय मी. सभासदालाच साखर बंद! शेळगावात कुणाला सांगितलं तर हसतील."

"हसू द्या. तुमच्या थोरल्या भावाचा पाय ह्याच साखरंनं गेला. तवा कुणी हसलं न्हाय."

तात्याबांना मधुमेह निघाला, त्या दिवसापासून सारजाबाईंनी पहारा ठेवला होता. कुणाच्या घरी चहा आला की तात्याबांचा कपही त्याच संपवायच्या. पुढं केलेला कप परत केला तर घरच्या बाईला वाईट वाटतं. आलेलं ताट टाकून देणंही त्यांना जमत नसे. दीड वर्षात तात्याबांचा सदरा सैल झाला होता. सारजाबाईंच्या बांगड्या मनगटात रुतत होत्या.

त्यांची मुलगी उत्कर्षा बारामतीच्या कॉलेजातून नुकतीच बी.एस्सी. झाली होती. तिनं स्पिरिटचा दिवा, काचेच्या दोन नळ्या आणि बेनेडिक्टचं निळं द्रावण आणलं होतं. लघवीत साखर नसेल तर तापवल्यावरही द्रावण निळंच राहतं. साखर जितकी जास्त, तितका रंग हिरव्याकडून पिवळ्याकडे जातो आणि शेवटी विटेसारखा लाल होतो.

"निळं राहिलं तर करंजी," तात्याबांनी पैज लावली.

"अर्धी," सारजाबाई म्हणाल्या. एक फुटकी करंजी त्यांनी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

"आई, तूही नमुना दे," उत्कर्षा म्हणाली. "निळं म्हणजे नेमकं किती निळं, ते कळाय पाहिजे. तुलनेला साखर नसलेलं माणूस लागतं."

"मला काय धाड भरलीय? घे. तेवढाच तुझ्या शिक्षणाला माझा हातभार."

उत्कर्षानं दोन्ही नळ्यांत सारखंच द्रावण घेतलं. एकीत तात्याबांच्या आणि दुसरीत सारजाबाईंच्या नमुन्याचे आठ-आठ थेंब टाकले. आधी तात्याबांची नळी तापवली. द्रावण उकळलं, निवलं आणि निळंच राहिलं.

सारजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग करंजी मोडून अर्धी तात्याबांच्या हातावर ठेवली. उरलेली अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

उत्कर्षानं दुसरी नळी दिव्यावर धरली. द्रावण हिरवं झालं, मग पिवळं, आणि विटेसारखं लाल होऊन थांबलं.