खोक्यावरचा आकडा

नवा प्रोसेसर घ्यावा की नाही हा प्रश्न शेवटी माणसाच्या चारित्र्याचा असतो, असं उस्ताद वासिफचं मत होतं. खोक्यावरचा आकडा वाचून भुलतो तो गिऱ्हाईक. घड्याळ लावून बसतो तो जाणकार. अम्मानमधल्या त्या चार टेबलांच्या ऑफिसात हे तो दर आठवड्याला सांगायचा आणि सगळे माना डोलवायचे, कारण सांगून झाल्याशिवाय तो फलाफलची पिशवी उघडू देत नसे.

ऑफिसचा धंदा म्हणजे न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढणं. नकाशा दिला की संगणक तासन्‌तास आकडेमोड करायचा आणि उजेड-सावल्यांसकट दिवाणखाना बाहेर यायचा. एका चित्राला पावणेसहा तास, वर पाच मिनिटं.

आता अकबाच्या एका हॉटेलवाल्याला दहा दिवसांत दोनशे चाळीस चित्रं हवी होती. चार यंत्रांवर पंधरा दिवस लागले असते. मालक हाजी नबील यांच्या भाच्यानं दुबईहून नवा प्रोसेसर आणला. खोक्यावर लिहिलं होतं, सातपट वेगवान.

"उस्ताद, तुम्ही म्हणाल ते," हाजी म्हणाले. "चांगला निघाला तर आणखी तीन मागवतो आणि गुरुवारी हॉटेलवाल्याला होकार देतो. नाही निघाला तर या दाराला कुलूप. मी आपला इर्बिदला भावाच्या बेकरीत बसेन."

"तुम्हाला बेकरी आहे, हाजी," पलीकडच्या टेबलावरून रुला म्हणाली. तिच्या पगारावर दोन धाकटे भाऊ शिकत होते. "मला कोण आहे?"

"तुला उस्ताद आहेत."

"मग संपलंच."

वासिफ हसला नाही. तो बाह्या दुमडत होता.

त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकत्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या. प्रोसेसरवर बसवायच्या प्रत्येक नव्या पंख्याच्या तळाला अशी एक चकती असते; सोलून काढायची आणि मग पंखा बसवायचा. अर्धा बाजार ते विसरतो, प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचत नाही आणि यंत्र आतल्या आत शिजून मंदावतं. वासिफ विसरत नसे. बसवलेल्या प्रत्येक यंत्राची चकती तो भिंतीवर लावायचा, शिकाऱ्यानं शिंगं लावावीत तशी.

सोमवारी त्यानं नवं यंत्र उभं केलं, नेहमीचं दिवाणखान्याचं चित्र लावलं आणि घड्याळ सुरू केलं. हाजी खुर्ची ओढून समोर बसले. मरमियाची पानं घातलेला चहा तीनदा झाला.

"अठ्ठ्याण्णव अंश दाखवतंय," रुला म्हणाली. "इतकं तापतं?"

"नवी जात तापटच असते."

पाच तास एक्केचाळीस मिनिटं.

मंगळवारी पुन्हा पाच एक्केचाळीस. बुधवारीही तेच. त्या दिवशी हाजींनी घड्याळ स्वतःच्या हातात धरलं होतं, तरीही.

"नऊ मिनिटं वाचली," हाजी म्हणाले. "सातपट म्हणजे नऊ मिनिटं?"

"खोकं लिहिणारा वेगळा, राबणारा वेगळा."

"वासिफ, चार घरांचा प्रश्न आहे. माझ्या डोळ्यांत बघून सांग."

वासिफनं डोळ्यांत बघितलं. "घड्याळानं सांगितलं तेवढंच सांगतोय. एका मिनिटाची लबाडी नाही, वल्लाह."

हाजींनी मान खाली घातली. थोड्या वेळानं उठून त्यांनी वासिफच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "दुसरा कुणी असता तर मला खूश करायला हो म्हणाला असता. मी आणखी तीन मागवून बसलो असतो."

गुरुवारी आवराआवर झाली. रुलानं टेबलं पुसली, ड्रॉवर रिकामे केले आणि बसवलेल्या यंत्रांच्या यादीवर बारा खुणा करून ती हाजींच्या फायलीत लावली. मग ती भिंतीपाशी गेली.

"उस्ताद, या तुमच्या चकत्या. अकरा आहेत. हव्यात?"

"टाकून दे."

"भावांना काय सांगू, तेवढं सुचवा."

"खरं सांग. यंत्र बरं निघालं नाही म्हणून सांग."

ती रडली नाही. सगळ्या चकत्या एकेक करून तिनं सोलल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या.

निघताना हाजींनी नवं यंत्र वासिफच्या हातात दिलं. "घेऊन जा. मला ते नजरेसमोर नको. प्रामाणिकपणाबद्दल देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही."

वासिफनं नको नको म्हटलं, दोनदा. रिवाज तीनदाचा आहे.

शनिवारी सकाळी त्यानं यंत्र घरी टेबलावर मांडलं. शेजारी अकबाच्या हॉटेलवाल्याचा करार होता. आदल्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर त्यावर वासिफनं सही केली होती. दहा दिवसांत दोनशे चाळीस चित्रं, एकट्यानं. उशीर झाल्यास भरपाईपोटी राहतं घर. हॉटेलवाला कचरला होता, तेव्हा वासिफनं त्याला खोकं दाखवलं होतं.

त्यानं पंख्याचे चार स्क्रू सोडवले, तळाची पारदर्शक चकती नखानं सोलली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर चिकटवली. पंखा नीट बसवला. तेच दिवाणखान्याचं चित्र लावलं, घड्याळ सुरू केलं आणि सातपटीच्या हिशोबानं पन्नास मिनिटांत परतायचं म्हणून झातरचा मसाला लावलेली मनाईश रोटी आणायला गेला. परत आला तेव्हा पडद्यावर आकडा होता बावन्न अंश. यंत्र गारेगार होतं.

चित्र पुरं झालं तेव्हा मनाईश वाळून गेली होती. पाच तास अडतीस मिनिटं.