उरलेली दोन फुलं

रुमेनाच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. रुमेनाचा भाऊ मेतोदी याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. संध्याकाळी चारला राजधानी सोफियातल्या इस्पितळात हजर व्हायचं होतं. तीस वर्षं पेर्निकच्या कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. राजधानी तासाभरावर, पण कधी धड पाहिली नव्हती. सकाळीच हटून बसला, "आधी सगळं दाखव, ताई. मग कापू देत खुशाल."

सगळ्यात आधी फुलं घेतली.

"जिवंताला की मेलेल्याला?" फुलवालीने विचारलं.

"अज्ञात सैनिकाला."

"मग सम द्यायला हवीत, विषम जिवंताला. सहा घ्या."

स्मारकावरची ज्योत वाऱ्याने आडवी पडली होती. मेतोदी एकटाच पुढे गेला, वाकला, परत आला. संग्रहालयाच्या दारात पोचल्यावर त्याने कोटातून कार्नेशनची दोन लाल फुलं काढली आणि हसला.

रुमेनाचा चेहरा उतरला. "ही कुठली?"

"त्यातलीच. तिथे चार ठेवली. चार काय, सहा काय, सैनिक थोडाच मोजणार आहे!"

"तो नाही मोजणार. तुझ्या हातात किती उरली, ते बघ."

मेतोदीने हाताकडे पाहिलं. हसू जरा विरलं.

"परत नेऊन ठेवू," ती म्हणाली.

"वाटेत मागे फिरू नये, हेही तूच सांगतेस. थांब." त्याने एक फूल तिच्या कोटाच्या काजात खोवलं, एक स्वतःच्या. "एक तुला, एक मला. फिटला अपशकुन. थुंक आता तीनदा आणि चल."

ती थुंकली.

आत एका काचेमागे कुणा राजाचा सोन्याचा मुखवटा होता, थडग्यात सापडलेला. मेतोदी तिथेच खिळला. काचेत त्याचा चेहरा बरोबर मुखवट्यावर बसला होता.

"मला आज झोपवणार, तसंच यालाही आधी झोपवलं असेल का गं?"

"काचेला नाक लावू नका, आजोबा," राखणदारीण खेकसली.

"नाक कसलं लावतोय, बाई. माप घेतोय."

रुमेनाने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. मग चर्च झालं, राजवाडा झाला. ती काहीच पाहत नव्हती. फक्त त्याच्या छातीवरचं फूल पाहत होती.

चारला इस्पितळाच्या दारात नर्स म्हणाली, "फुलं आत चालत नाहीत."

मेतोदीने आपलं फूल उपसलं, तिच्या काजात पहिल्याच्या शेजारी खोवलं, गालाचा मुका घेतला आणि आत गेला. दार लागलं.

स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये समोरच्या बाईने तिच्या छातीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. तेव्हा रुमेनाने खाली पाहिलं. दोन.

खिडकी उघडी होती. तिने मेतोदीचं फूल उपसलं, हात बाहेर काढला. मग थांबली. टाकलेलं फूल ज्याचं होतं त्याच्याकडे परत गेलं तर?

तिने हात आत घेतला. दोन्ही फुलं घरी नेली आणि पेल्यात पाणी घालून स्वतःच्या उशाशी ठेवली.

मेतोदी खडखडीत बरा होऊन दोन डिसेंबरला घरी आला. रुमेना एकवीस नोव्हेंबरला वारली होती.