घट्ट झालेला रस्ता

बसला वेगळा पट्टा हवा, म्हणून बाजारातल्या दोन्ही बाजूंच्या दुकानांचे सहा-सहा फूट पाडायचे, असं सभेत इंजिनिअरने सांगितलं. टेलरमावशींचं अख्खं दुकान सात फूट खोल. त्या उठल्या.

"साहेब, बस आम्हालाही हवी. गिऱ्हाईक काय आभाळातून पडणार आहे? पण झगा घट्ट झाला म्हणून कोणी पोरीच्या बरगड्या तासत नाही. आधी शिवणीत दुमडलेलं कापड सोडतात."

"रस्त्यात कुठलं आलंय दुमडलेलं कापड, मावशी?"

"सकाळीच मोजून आलेय. दोन्ही कडा मिळून बारा फूट. दिवसभर गाड्या उभ्या असतात तिथे."

"गिऱ्हाइकांच्या गाड्या हटवल्या, तर तुम्ही दुकानदारच बोंब ठोकाल."

"गिऱ्हाइकांच्या कुठल्या? आमच्याच आहेत त्या. पहिली स्कूटर माझी."

सभेतले सगळे दुकानदार आपापल्या चपलांकडे बघू लागले.

सोमवारी सकाळी इंजिनिअर भिंतींवर खुणा करायला रंगाचा डबा घेऊन आला. बाजाराचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. कुठेही न अडखळता बस आली आणि तिच्यातून एकामागून एक झाडून सगळे दुकानदार उतरले.

भिंतींसाठी आणलेला रंग त्याने बसचा पट्टा आखायला वापरला.