जाड साली

परदेशी गोठवलेल्या बटाट्यांवरचा आयातकर सरकारने उठवला आणि कुस्कोच्या बाजारात डोंगरी वाणांना गिऱ्हाईक उरले नाही. खोऱ्यात ती वाणे कोणी लावीनासे झाले. तरी सुनेची बटाटा सोलण्याची परीक्षा रीतीप्रमाणेच व्हायची होती. सातुर्निनाने होणाऱ्या सुनेपुढे खाचाखोचांचा काळा बटाटा ठेवला.

"साऱ्या खोऱ्यात हा एकच उरलाय, पोरी. साल कागदासारखी निघाली पाहिजे."

एदिल्माच्या हाताची गावभर वाखाणणी होती. तिने मात्र जाड जाड साली काढल्या.

"अगं, सोलतेयस की लाकडं फोडतेयस? माझ्या लेकाला काय साली वाढणार?" सातुर्निना कडाडली. परीक्षा बघायला जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. तीन वर्षे एदिल्मासाठी थांबलेल्या रुफिनोने मान खाली घातली.

"चुकलं, मावशी. साली नेऊ का?"

"ने, घाल तुझ्या डुकरांना. आणि परत या दारात दिसू नकोस."

रुफिनोचे लग्न दुसरीशी लागले, त्या आठवड्यात एदिल्माच्या वाफ्यात काळ्या बटाट्याचे कोंब वर आले. प्रत्येक सालीवर तिने एक डोळा आणि तो रुजेल एवढा गर मोजून ठेवला होता.