काशी अडली

मोडनिंबच्या अलीकडं, हायवेच्या डिव्हायडरमधली फट ओलांडून काशी पलीकडच्या रस्त्यावर उतरली आणि मधोमध येऊन थांबली.

पूनमनं दोर ओढला. घोडीनं मान ताठ केली आणि पाय रोवले. तिच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड होतं. वाकळा, भांडी, पिठाचा डबा, झोळीत दोन कोकरं, आणि या सगळ्याच्या वर, जुन्या लुगड्यानं घट्ट बांधलेली पूनमची तान्ही ईश्वरी.

मेंढरं केव्हाच पार झाली होती. त्यांच्यामागं पूनमचा नवरा मल्हार पुढच्या रानाकडं वळला होता. सासू फुलाबाई तेवढी पलीकडच्या कडेला काठी टेकून थांबली होती.

"हल की गं बये!" पूनमनं दोराचं टोक घोडीच्या मानेवर हाणलं. काशीनं कान पाडले, दात दाखवले. पाऊल मात्र टाकलं नाही.

एक कार हॉर्न वाजवत बाजूनं निसटली. मागची कचकन थांबली. आतला माणूस ओरडला, "ओ ताई, घोडी हटवा! मरायचंय का?"

काशी कुणाचं ऐकायची नाही. ऐकलंच तर फुलाबाईचं, तेही मनात आलं तर. पूनमला ती दोनदा चावली होती. पण तळावर कुत्री आली की हीच लाथा झाडत कोकरांभोवती फिरायची. आणि ईश्वरी पाठीवर असली की अशी संथ चालायची, की भांड्याला भांडं लागायचं नाही. म्हणून तर रोज शिव्या घालत का होईना, पूनम पोर तिच्याच पाठीवर बांधायची.

"पोरीला काढ आदी!" फुलाबाई ओरडली.

गाठ पलीकडच्या अंगाला होती. पूनम वळसा घालून गेली, तर काशी गर्रकन फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. बोटं गाठीला लागली तेवढ्यात एक ट्रक अंगावर वारा फेकत गेला आणि ईश्वरीनं भोकाड पसरलं.

त्याच वेळी मागून बारीक खिंकाळी आली. काशीनं मान वळवून मोठ्यानं उत्तर दिलं.

पूनमनं मागं पाहिलं. पहिल्या रस्त्याच्याही पल्याड, गटाराच्या कडेला काशीचं शिंगरू उभं होतं. बसच्या हॉर्नला बुजून ते अर्ध्यातूनच माघारी पळालं होतं. घाईत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आत्या, शिंगरू मागं ऱ्हायलंय!"

"मरू दे शिंगरू! माजी नात काढ!"

पूनमनं काशीकडं पाहिलं. घोडीच्या अंगाला कापरं भरलं होतं. दोन्ही अंगांनी गाड्या सुसाट जात होत्या आणि ती भ्याली होती. तरी उभी होती. ही आता जीव गेला तरी हलायची नाही, हे पूनमला आतून कळलं.

तिनं दोर सोडून दिला आणि मागं धावत सुटली.

"पूनम! अगं कुटं चाललीस? पोर हाय वर!"

पहिल्या रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं गाडी आडवी घातली आणि हात वर करून मागची वाहनं थोपवली. शिंगरू आईसारखंच. पूनमला बघून गटारात उतरलं. पूनमनं त्याच्या मानेला मिठी मारली, त्यानं तिच्या गुडघ्यावर लाथ मारली. "चल माज्या राजा, चल," म्हणत, ओढत, रेटत तिनं ते डिव्हायडरपर्यंत आणलं.

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतारावरून येत होता. गाणं मोठ्यानं लावलेलं. फुलाबाई काठी टाकून रस्त्यात शिरली होती आणि घोडीपुढं उभी राहून पदर हलवत होती. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला. ट्रॉल्या त्याला पुढंच रेटत होत्या.

पूनमनं शिंगराला दोन्ही हातांनी ढकललं. ते उड्या मारत सुटलं आणि काशीच्या पोटावर जाऊन आदळलं. काशीनं त्याला हुंगलं. तेवढ्या घाईतही नीट हुंगलं. मग वळली.

ट्रॅक्टर मधे आला. मग एक ट्रॉली. मग दुसरी. ऊस, नुसता ऊस. पलीकडचं काही दिसेना. त्या गोंगाटात पोरीचं रडणंही ऐकू येईना.

ट्रॉली सरली. पलीकडं बाभळीखाली काशी उभी होती.

पूनम लंगडत पोचली तोवर फुलाबाईनं गाठ सोडली होती. ईश्वरीला सुनेच्या अंगावर देत ती म्हणाली, "लेकरू रस्त्यात टाकून गेलीस व्हय गं?"

"टाकलं न्हाय आत्या. काशीपाशी ठेवलं."

फुलाबाई पदरानं घोडीची मान पुसू लागली.

मल्हार काठी घेऊन पळत आला. "ही घोडी ठेवायचीच न्हाय आता! पयल्या बाजारात इकतो."

"मग बिऱ्हाड तू वाहतोस का?" फुलाबाई म्हणाली.

"बरं, चला आता! मेंढरं लोकाच्या रानात शिरत्याली."

शिंगरू काशीच्या कासेला लागलं होतं. घोडीच्या सावलीत पूनमनं फतकल मारली आणि पोरीला पदराखाली घेतलं. काशीचा घाम तिच्या खांद्यावर ठिबकत होता.

मल्हारनं पुन्हा हाक मारली. मग शिवी हासडली.

पूनम आणि काशी, दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.