आडवी गोळी

दुसऱ्या खेपेलाही एकही गोळी काळ्या वर्तुळात बसली नाही, तेव्हा गणपतरावांनी दुर्बीण खाली ठेवली.

"हात कापतोय तुजा," ते मुलीला म्हणाले. "ध्यान न्हाय ह्यात. आईतवारी संघाची निवड हाय. न्हाय झाली तर रायफल इकायची, ठरलंय आपलं."

क्रांतीने रायफलचा बोल्ट मागे ओढून उघडा ठेवला. मग ती चटईवरून उठली. उचगावच्या पुढच्या त्या माळावर वारा मोकाट सुटला होता आणि रेंजवरची लाल झेंडी फडफडत होती.

गणपतराव जुने पैलवान. गेल्या वर्षी ह्याच वाऱ्याने पोरीच्या गोळ्या बाजूला ढकलल्या, म्हणून यंदा त्यांनी स्वतः दुकानात जाऊन जड गोळीची काडतुसं घेतली होती. जड गडी जागचा हलत नाही, मग जड गोळी कशी हलेल? "नळीला चालत्यात का बघू आदी," असं क्रांती म्हणालीही होती. पण लाल मातीत उभा जन्म घालवलेल्या माणसाला वजनाचं कोण शिकवणार! थोरल्या मुलाला, राजवीरलाही त्यांनी असंच वरच्या वजनगटात उतरवलं होतं. पोराचा सांधा बारीक. खुराक रेटून अंग आणलं आणि पहिल्याच मोठ्या कुस्तीत गुडघा गेला. पोरगा पुण्याला निघून गेला, तो गेलाच. "रग न्हवती अंगात," एवढंच गणपतराव त्याच्याबद्दल बोलत.

बापलेक टार्गेटपर्यंत चालत गेले. क्रांतीने कागद उतरवून त्यांच्यापुढे धरला.

"आबा, भोकं बघा."

त्यांनी चष्मा लावला. भोक गोल नव्हतंच. लांबुडकं होतं, अख्खी गोळी कागदावर आडवी पडल्यासारखं. शेजारचंही तसंच, फक्त दुसऱ्या अंगाला कललेलं.

"हे कशानं?"

"नळीच्या आत पीळ घातल्यागत खाचा असत्यात. त्या गोळीला गरागरा फिरवत्यात, म्हणून ती नाकासमोर जाती. जड गोळी लांब असती, तिला जादा फिरकी लागती. आपल्या नळीचा पीळ सैल हाय, हलक्या गोळीपुरता. ही वाटंतच तोल सोडती आन् आडवी येती."

"मग नळीच कच्ची म्हण की."

"नळी कच्ची न्हाय, आबा. गोळीबी वाईट न्हाय." क्रांती कागदाकडेच बघत होती. "तिला न झेपणारं आपण तिच्यात घातलं."

गणपतरावांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला.

परत येऊन तिने पिशवीच्या तळातून जुनी, हलक्या गोळीची उरलीसुरली काडतुसं काढली आणि पुन्हा चटईवर पालथी झाली. वारा पडायची वाट बघून एकेक बार सावकाश काढला. ह्या खेपेचा कागद आणला, तेव्हा एखादी गोळी कडेला सरकलेली होती. पण भोकं सगळी गोल होती आणि बहुतेक काळ्यात.

तिला वाटलं, आबा आता पाठ थोपटतील. गणपतराव पहिलाच कागद हातात घेऊन बसले होते. आडव्या भोकावरून त्यांचा जाड अंगठा फिरत होता. त्यांना भरून आलं होतं आणि ते लपवायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"आईतवारी ह्याच गोळ्या घे," ते म्हणाले. मग चष्मा काढत, "राजवीरचा नंबर हाय न्हवं तुज्याकडं?"

क्रांती रायफल पुसता पुसता थांबली. "हाय. काय सांगू त्याला?"

"तू काय सांगू नगंस. लावून दे. मी बोलतो."

तिने फोन लावून दिला. पलीकडे रिंग वाजत राहिली. माळावरचा वारा पार पडला होता, झेंडी काठीला चिकटून लोंबत होती. गणपतरावांच्या हातातला कागद मात्र थरथरत होता.